ट्रक-ट्रेलरच्या धंद्यातले शब्द: पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात बुकिंगच्या टेबलावर बसायला लागून मला बावीस वर्षं झाली. चाकणच्या कारखान्यांत डिस्पॅचला नव्याने लागलेली मुलं-मुली, कर्ज काढून पहिली गाडी घेतलेले मालक, जुन्नर-नारायणगावकडून माल पाठवणारे शेतकरी असे सगळ्या तऱ्हेचे लोक फोन करतात. भांडण बहुधा भाड्यावरून होत नाही, शब्दावरून होतं. बोलणाऱ्याच्या मनात एक अर्थ, ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा. हा फरक कळतो गाडी गेटवर उभी राहिल्यावर, आणि त्याचा भुर्दंड पडतो ड्रायव्हरवर नाहीतर गाडीमालकावर. म्हणून रोज विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत.

"गाडीचं पासिंग किती?" म्हणजे नेमकं काय विचारलं?

या एका शब्दाला आपल्याकडे तीन अर्थ आहेत. "गाडी कुठल्या पासिंगची?" असं विचारलं तर उत्तर एमएच १२, एमएच १४ असं द्यायचं, म्हणजे नोंदणी पुण्याची की पिंपरी-चिंचवडची. "पासिंग कधी आहे?" असं विचारलं तर फिटनेस कधी संपतो ते सांगायचं. आणि "पासिंग किती?" असं विचारलं तर आरसी बुकाप्रमाणे गाडीत किती टन माल कायदेशीर भरता येतो ते सांगायचं.

गोंधळ होतो तो तिसऱ्या अर्थात. काही जण पासिंग म्हणून गाडीसकट एकूण वजन सांगतात, काही जण फक्त मालाचं. १८ टन माल असलेल्या माणसाला कुणी "२८ टन पासिंगची गाडी आहे" म्हणालं, की तो म्हणतो, मग अजून दहा टन टाकू या! ते दहा टन म्हणजे गाडीचं स्वतःचं वजन असतं. त्यामुळे मी फोनवर नेहमी उलट विचारतो, "माल किती टन भरायचाय ते सांगा, पासिंगचं मी बघतो."

ग्रॉस, टेअर आणि नेट यांत फरक काय?

टेअर म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. ग्रॉस म्हणजे भरलेल्या गाडीचं. ग्रॉसमधून टेअर वजा केलं की नेट, म्हणजे निव्वळ माल. कागदोपत्री ग्रॉसची जी कमाल मर्यादा असते तिला जीव्हीडब्ल्यू म्हणतात आणि ती आरसीवर किलोत लिहिलेली असते. ट्रेलरच्या बाबतीत ओढणारी गाडी (म्हणजे घोडा), ट्रेलर आणि माल असं सगळं धरून मर्यादा लागते.

वजनकाट्यावर गाडी आधी रिकामी चढवायची, पावती घ्यायची, भरून परत चढवायची. यालाच 'काटा करणे' म्हणतात. टेअर प्रत्येक वेळी नव्याने घ्या. आरसीवरचा रिकाम्या वजनाचा आकडा धरून चालू नका, कारण डिझेलची टाकी भरली की तीनशे-चारशे किलोचा फरक सहज पडतो. त्यात ताडपत्री, रस्से, साखळ्या, स्टेपनी, मागे बांधलेल्या फळ्या यांची भर. पावसाळ्यात भिजलेली ताडपत्री उचलायला दोन माणसं लागतात, यावरून तिच्या वजनाचा अंदाज करा. भंगार, वाळू, कांदा अशा वजनावर विकल्या जाणाऱ्या मालात दोन्ही काटे एकाच ठिकाणी झाले पाहिजेत. एक काटा चाकणला आणि दुसरा वाशीला केला, तर फरक निघतोच, आणि मग ड्रायव्हरकडे संशयाने बघितलं जातं. हे मी इतक्यांदा पाहिलंय की काट्याच्या दोन्ही पावत्यांचे फोटो आल्याशिवाय मी गाडी सोडत नाही.

दहा चाकी, बारा चाकी, सोळा चाकी हे कसं मोजायचं?

चाकं मोजण्यापेक्षा अ‍ॅक्सल मोजा, म्हणजे आडवे दांडे. पुढच्या दांड्याला दोन टायर, मागच्या दांड्याला जोडीजोडीने चार. सहा चाकी म्हणजे दोन अ‍ॅक्सल. दहा चाकी म्हणजे तीन: पुढे दोन, मागे चार आणि चार. सोळा चाकी म्हणजे पाच: पुढे वळणारे दोन दांडे, मागे चार-चारचे तीन. बारा चाकीत दोन प्रकार येतात. एकात पुढे दोन वळते दांडे असतात, दुसऱ्यात मागे दोन टायरचा एक जादा दांडा असतो, जो गाडी रिकामी असताना उचलता येतो. तो उचलता येणारा दांडा म्हणजे लिफ्ट अ‍ॅक्सल. रिकामी गाडी जाताना मागचं एक चाक हवेत लटकलेलं दिसतं ते हेच. टायर वाचतात, डिझेल वाचतं. पण माल भरल्यावर तो खाली टाकायला विसरलात, तर बाकीच्या दांड्यांवर बेकायदेशीर वजन येतं.

कायदा वजन मोजतो ते दांड्यांवर. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मर्यादा वाढवल्या. दोन टायरच्या पुढच्या दांड्याला ६ टनांवरून ७ टन झाले, चार टायरच्या एकट्या मागच्या दांड्याला १०.२ वरून ११.५ टन आणि जवळजवळ असलेल्या मागच्या दोन दांड्यांच्या जोडीला १९ वरून २१ टन. साध्या सहा चाकी ट्रकचं एकूण वजन त्यामुळे १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेलं.

यातली मेख अशी की एकूण वजन मर्यादेत असूनही एखादा दांडा ओव्हरलोड असू शकतो. लोखंडी कॉइल हौद्यात अगदी मागे ठेवली तर मागचे दांडे दबतात आणि पुढची चाकं हलकी पडतात. हलक्या चाकांनी स्टिअरिंग रस्ता धरत नाही. माल 'कसा' ठेवला हे 'किती' ठेवला याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि भरती करणाऱ्या माणसाला ते ड्रायव्हरने सांगायचं असतं, न लाजता.

ओव्हरलोडला दंड किती?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये, आणि जादा वजनाच्या प्रत्येक टनाला वर २,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च आपला. "एखादा टन चालतं हो" असं म्हणणारा माणूस दंडाच्या वेळी फोन उचलत नाही, एवढं लक्षात असू द्या.

मॉडेलच्या आकड्यांचा अर्थ काय?

टाटा आणि अशोक लेलँडच्या बऱ्याचशा गाड्यांत पहिले आकडे एकूण वजनाचे टन सांगतात आणि शेवटचे दोन आकडे हॉर्सपॉवर, दहाने भागून. १६१३ म्हणजे साधारण १६ टन आणि १३० हॉर्सपॉवर. २८२५ म्हणजे २८ टन आणि २५०. ४०७ म्हणजे ४ टन आणि ७०. आकडे पूर्णांकात आणलेले असतात, म्हणून बुकिंग करताना आरसीच बघायची.

अक्षरांचीही गंमत आहे. १९५४ ते १९६९ अशी पंधरा वर्षं टाटांचा जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार होता, आणि तिथल्या अक्षरांची पद्धत इथे राहून गेली. एलपीटी साधा ट्रक. एलपीके म्हणजे टिपर, कारण जर्मनमध्ये टिपरला 'किपर' म्हणतात. एलपीएस म्हणजे ट्रेलर ओढणारी गाडी. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या जुन्या फिटरांशी बोललात तर ही अक्षरं ते घरच्या माणसांच्या नावांसारखी घेतात.

टेम्पो, छोटा हत्ती, आयशर, टॉरस, हायवा: ही कंपन्यांची नावं की गाड्यांचे प्रकार?

मुळात कंपन्यांची आणि मॉडेलची नावं, आता प्रकार झाली आहेत. 'टेम्पो' हा तर आपल्या आकुर्डीचा शब्द म्हणायला हरकत नाही. जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या परवान्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू झाली, पुढे तिचा कारखाना आकुर्डीला आला, आणि तीन चाकी मालगाडीला महाराष्ट्रभर टेम्पो म्हणू लागले. आज त्या कंपनीचं नाव फोर्स मोटर्स आहे, शब्द मात्र टिकला. हल्ली टेम्पो म्हणजे सहसा ४०७ च्या आसपासची कुठलीही छोटी मालगाडी.

छोटा हत्ती म्हणजे २००५ मध्ये आलेली टाटा एस, आणि तिच्या मापाची इतर कुणाचीही गाडी. आयशर म्हणजे १४ ते १९ फुटी मध्यम ट्रक, मग तो दुसऱ्याच कंपनीचा का असेना. टॉरस हे अशोक लेलँडच्या गाडीचं नाव, आता दहा-बारा चाकी मोठ्या ट्रकला सरसकट लावतात. हायवा ही टिपरचा हौदा उचलणारा हायड्रॉलिक जॅक बनवणारी डच कंपनी. जॅकवर तिचं नाव मोठ्या अक्षरांत असायचं, म्हणून खडी-मुरूम टाकणाऱ्या मोठ्या डंपरचंच नाव हायवा पडलं.

धोका एवढाच की "आयशर पाठवा" म्हटल्यावर १४ फुटी येईल की १९ फुटी, हे कुणीच सांगितलेलं नसतं. नाव घ्या, पण मागोमाग फूट आणि टन सांगा.

फुटांचं माप कशाचं असतं?

हौद्याच्या आतल्या लांबीचं. आपल्याकडे १४, १७, १९, २०, २२, २४ आणि ३२ फूट ही नेहमीची मापं. ३२ फुटी बंद बॉडीच्या गाडीत 'सिंगल' आणि 'मल्टी' असा भेद आहे. सिंगल म्हणजे मागे एकच दांडा, साधारण सात ते नऊ टनांपर्यंतचा माल. मल्टी म्हणजे मागे दोन दांडे, साधारण चौदा टनांच्या पुढचा. बाहेरून दोन्ही सारख्याच लांब दिसतात. फ्रीज, सोफा, गाड्यांचे प्लास्टिक बंपर अशा जागा खाणाऱ्या पण हलक्या मालाला सिंगल पुरते. कास्टिंगला मल्टी लागते, आणि कास्टिंगने ती अर्धीसुद्धा भरायच्या आत वजन संपतं. नव्या डिस्पॅचवाल्यांना अर्धा हौदा रिकामा दिसतो आणि वाईट वाटतं. वाटू देऊ नका.

ट्रक आणि ट्रेलरमध्ये फरक काय? 'घोडा' कशाला म्हणतात?

ट्रकमध्ये इंजिन आणि हौदा एकाच चेसिसवर असतात. ट्रेलरला स्वतःचं इंजिन नसतं, त्याला कुणीतरी ओढावं लागतं. ओढणाऱ्या गाडीला कागदावर ट्रॅक्टर किंवा प्राइम मूव्हर म्हणतात, बोलण्यात पुलर, हॉर्स किंवा सरळ घोडा.

ट्रेलरचेही दोन प्रकार. इंदापूर-बारामतीकडे ऊस नेणारा ट्रॅक्टर पाहिला असेल. त्याच्यामागच्या चार चाकी ट्रॉलीला पुढेही चाकं असतात, मागेही. ती आपल्या चाकांवर उभी असते, ट्रॅक्टर फक्त ओढतो. हा पूर्ण ट्रेलर. महामार्गावर दिसतो तो सेमी-ट्रेलर: चाकं फक्त मागच्या बाजूला, पुढचा भार घोड्याच्या पाठीवर. म्हणूनच घोडा सोडवताना आधी ट्रेलरचे पुढचे पाय, म्हणजे लँडिंग लेग, हँडल फिरवून खाली टेकवावे लागतात.

घोडा आणि ट्रेलर जिथे जुळतात ती गोल, ग्रीस फासलेली लोखंडी ताटली म्हणजे फिफ्थ व्हील. पूर्वी घोडागाडीच्या पुढच्या दांड्यावर, गाडी वळावी म्हणून एक आडवं चाक बसवत, ते पाचवं चाक. नाव तिथून आलं. ट्रेलरच्या पोटाखाली जी जाड खुंटी असते ती किंगपिन. ती दोन इंची किंवा साडेतीन इंची असते, आणि घोड्याची ताटली त्याच मापाची हवी.

जोडणी एकदा जवळून बघा. ड्रायव्हर घोडा मागे घेत आणतो, किंगपिन ताटलीच्या खाचेत शिरते आणि 'खट्' असा आवाज येतो. नवीन मुलगा त्या आवाजावर समाधान मानतो. जाणता ड्रायव्हर खाली उतरतो, टॉर्च घेऊन ट्रेलरखाली वाकतो, जबडा पिनभोवती पूर्ण मिटलाय का आणि ताटली व ट्रेलर यांच्यात फट तर नाही ना हे बघतो. मग हवेचे दोन पाईप जोडतो, लाल आणि पिवळा. लाल पाईप ट्रेलरच्या टाकीत हवा भरतो, पिवळ्यातून ब्रेकचा दाब जातो. नंतर लाईटची वायर. मग ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवूनच घोडा हलकेच पुढे ओढून बघतो, सुटत नाही ना. शेवटी पाय वर घेतो. हे सगळं पाच-सात मिनिटांत होतं. ही मिनिटं वाचवायला सांगणारा सुपरवायझर माझ्या मते या कामावर नसावा.

फ्लॅटबेड, लो-बेड, स्केलेटल: कुठला ट्रेलर मागायचा?

फ्लॅटबेड म्हणजे सपाट फळी, बाजूला भिंती नाहीत. पाईप, सळ्या, कॉइल यांना. स्केलेटल म्हणजे फक्त सांगाडा, त्यावर कंटेनर बसतो. लो-बेडमध्ये मधली फळी खाली उतरवलेली असते, उंच मशीन आणि पोकलेनसाठी. सेमी लो-बेड हा फ्लॅटबेड आणि लो-बेड यांच्या मधला. कार कॅरियर ओळखू येतोच, चाकण परिसरात गाड्यांचे कारखाने असल्यामुळे तो आपल्याकडे रोज दिसतो. सोबत एकामागे एक बसवलेल्या दांड्यांचे हायड्रॉलिक ट्रेलरही असतात, ट्रान्सफॉर्मर किंवा पवनचक्कीच्या भागांसाठी.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. टेबलावर बसायला लागलो त्या सुमारास भोसरीतल्या एका कारखान्याने फोन केला, "चाळीस फुटी ट्रेलर पाठवा, मशीन न्यायचंय." मी फ्लॅटबेड पाठवला. मशीनची उंची २.९ मीटर. फळीची उंची दीड मीटर. बेरीज ४.४ मीटर. वाटेत एका पुलाखालून ते जाणारच नव्हतं. त्यांचा माणूस म्हणे, आम्ही ट्रेलर मागितला. मी म्हणे, मी ट्रेलरच पाठवला. दोघंही खरं बोलत होतो. गाडी दोन दिवस गेटबाहेर उभी, ड्रायव्हर रस्त्याकडेला स्टोव्हवर भात शिजवतोय, आणि हॉल्टिंग, म्हणजे गाडी ताटकळल्याचे पैसे, कुणी द्यायचं यावर आमचं चाललेलं. शेवटी ९० सेंटिमीटरचा लो-बेड आणून काम झालं. ते दोन दिवस त्या ड्रायव्हरचे गेले, जो फोनवर एक शब्दही चुकीचा बोलला नव्हता. तेव्हापासून मी मालाची लांबी, रुंदी, उंची आणि वजन असे चार आकडे लिहून घेतल्याशिवाय ट्रेलर हा शब्द वहीत चढवत नाही.

ओडीसी म्हणजे काय?

गाडीसकट लांबी, रुंदी किंवा उंची नियमापेक्षा जास्त होणारा माल. रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. ओडीसीला वेगळी परवानगी, लाल झेंडे, दिवे, गरजेप्रमाणे पुढे-मागे पायलट गाडी लागते. परवानगीशिवाय माल बाहेर काढलात तर दंड २०,००० पासून सुरू होतो.

कंटेनरचे शब्द: वीस, चाळीस, हाय-क्यूब, टीईयू?

बंदरावरचा कंटेनर वीस किंवा चाळीस फूट लांब, आठ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच असतो. हाय-क्यूब साडेनऊ फूट. वीस फुटी एक कंटेनर म्हणजे एक टीईयू, चाळीस फुटी म्हणजे दोन. चारही कोपऱ्यांना भोकं असतात, त्यांत ट्रेलरचे ट्विस्ट लॉक बसवून फिरवायचे. चारही, दोन नाही.

डेमरेज, डिटेन्शन आणि हॉल्टिंग एकच का?

नाही, आणि न्हावा शेवाच्या कामात यावरून फार पैसे जातात. कंटेनर बंदरातच मोफत मुदतीपलीकडे पडून राहिला तर लागतं ते डेमरेज. कंटेनर बाहेर काढला, चाकणला आणला, पण रिकामा करून मुदतीत जहाज कंपनीला परत दिला नाही तर लागतं ते डिटेन्शन. आणि माल भरायला किंवा उतरवायला गाडी ताटकळली तर गाडीमालकाला द्यायचं ते हॉल्टिंग. बोलताना अनेक जण हॉल्टिंगलाही डिटेन्शन म्हणतात, म्हणून बिल आलं की आधी विचारा: पैसे डब्याचे की गाडीचे?

हॉल्टिंग किती तासांनंतर आणि दिवसाला किती, हे बुकिंगच्या वेळी लिहून घ्या. दिवस कधीपासून मोजायचा, गेटवर नोंद झाल्यापासून की आत घेतल्यापासून, हेही. ड्रायव्हरने गेटवर पोहोचताच फोटो काढून वेळेसकट पाठवावा.

बिल्टी, एलआर आणि ई-वे बिल ही वेगवेगळी कागदं आहेत का?

बिल्टी आणि एलआर एकच, म्हणजे लॉरी रिसीट. माल वाहतूकदाराने ताब्यात घेतल्याची ती पावती. २००७ चा रस्ते वाहतूक कायदा तिच्यामागे उभा आहे. मार्च २०११ मध्ये तो लागू झाला, तोवर या देशात १८६५ चा कायदा चालत होता! माल हरवला किंवा खराब झाला तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी तक्रारीवर विसंबून लोक ही मुदत घालवतात. बिल्टीवर 'ओनर्स रिस्क', म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची, असा शिक्का असेल तर मालाचा विमा तुमचा तुम्ही काढलेला बरा.

ई-वे बिल हा जीएसटीचा कागद. राज्याबाहेर माल जाताना ५०,००० रुपयांच्या वर लागतो, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर. त्याचे दोन भाग: पहिल्यात मालाची माहिती, दुसऱ्यात गाडीचा नंबर. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत घातला की दुसरा भाग बदलायचा. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, ओडीसीला दर २० किलोमीटरला एक. नागपूरला सातशेच्या वर किलोमीटर धरले तर चार दिवस मिळतात. संपत आली तर शेवटच्या आठ तासांत किंवा संपल्यावर आठ तासांत वाढवून घेता येते.

पेड, टू-पे, टीबीबी, अ‍ॅडव्हान्स, बॅलन्स, पोहोच?

पेड: पाठवणाऱ्याने भाडं आधीच दिलं. टू-पे: माल घेणारा देणार. टीबीबी: महिन्याच्या बिलात लागणार. अ‍ॅडव्हान्स गाडी भरल्यावर, बॅलन्स माल पोहोचल्याची सही-शिक्क्याची प्रत आल्यावर. ती प्रत म्हणजे पोहोच, किंवा पीओडी. पोहोच हरवली की बॅलन्स अडकतो. ड्रायव्हर ती सीटच्या वरच्या कप्प्यात, देवाच्या फोटोमागे ठेवतात, आणि ती जागा योग्यच आहे. तिथून ती हलत नाही.

हमाली आणि वाराई यांत काय फरक?

हमाली म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी. वाराई म्हणजे त्याच कामाच्या नावाने गाडीवाल्याकडून वेगळी घेतली जाणारी रक्कम. गाडीवाल्यांचं म्हणणं साधं आहे आणि ते घोषणा म्हणून प्रसिद्धही आहे: ज्याचा माल, त्याचा हमाल. मला ते पटतं. पण याच श्वासात हेही सांगतो की हमालांवर राग काढू नका. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला भविष्य निर्वाह निधी, रजा, ठरलेली मजुरी मिळावी म्हणून १९६९ चा माथाडी कायदा झाला, आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने त्या माणसाला पत मिळवून दिली. प्रश्न पैसे कुणी द्यायचे हा आहे. भाडं ठरवतानाच "हमाली-वाराई पार्टीकडे" एवढे शब्द लिहून घेतले, की मार्केट यार्डात ड्रायव्हरला खिशात हात घालावा लागत नाही.

एअर ब्रेक, एक्झॉस्ट ब्रेक आणि रिटार्डर म्हणजे काय? घाटात न्यूट्रल का नको?

एअर ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. हवा गेली की ब्रेक जातात, असं लोकांना वाटतं. हँडब्रेकची रचना उलटी आहे: मागच्या चाकांपाशी जाड स्प्रिंग असते, ती ब्रेक दाबून धरते, आणि हवेचा दाब तिला मागे रेटतो. म्हणून सकाळी गाडी सुरू केल्यावर टाकीत हवा भरेपर्यंत ती जागची हलत नाही.

मग उतारावर ब्रेक फेल होतात ते कसे? बहुतेक वेळा तापून. पायाचा ब्रेक सतत दाबून ठेवला की लायनर आणि ड्रम इतके तापतात की पकडच राहत नाही. जळका वास येतो, चाकातून धूर येतो, पॅडल दाबलेलं असतं आणि गाडी धावत असते. यासाठी एक्झॉस्ट ब्रेक आहे. तो इंजिनाचा धूर बाहेर पडण्याची वाट अडवतो, इंजिन जड होतं आणि चाकांना मागे खेचतं. रिटार्डर हेच काम गिअरबॉक्सच्या बाजूने, जास्त जोराने करतो. पण एक्झॉस्ट ब्रेकला गाडी गिअरमध्ये असावी लागते. न्यूट्रल केलं की इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो आणि तीस-चाळीस टनांचा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येणारा उतार असाच फसवा आहे. खंबाटकीसारखी वळणं नाहीत, रस्ता रुंद, सरळ, डोळ्यांना उतार जाणवतही नाही. चार लिटर डिझेल वाचेल म्हणून तिथे न्यूट्रल करणारे आहेत. त्या पुलाजवळ किती माणसं गेली ते पुण्यात कुणाला सांगायला नको. माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक नव्या ड्रायव्हरला मी एकच सांगतो: ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असतास, त्याच गिअरमध्ये उतर. आणि मालकांनो, डिझेलचा हिशोब इतका ताणू नका की ड्रायव्हरला उतारावर गिअर काढावासा वाटेल.

'युरिया' भरायचा म्हणजे काय?

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सिक्स मोठ्या गाड्यांत डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची छोटी टाकी असते. तिच्यात डीईएफ भरतात, म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. ते सायलेन्सरच्या वाटेत धुरात फवारलं जातं आणि विषारी नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. संपलं तर गाडीची ताकद आपोआप उतरते आणि घाटात ती रडायला लागते. शेतातला युरिया साध्या पाण्यात कालवून ओतू नका, नोझल आणि कॅटॅलिस्ट खराब होतात आणि तो खर्च हजारांत नाही, लाखांत जातो. डीईएफ डिझेलच्या टाकीत, किंवा उलट, पडलं तर इंजिन सुरू करू नका. मेकॅनिकला बोलवा.

स्टेपनी हा शब्द कुठला?

वेल्समधल्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरच्या एका दुकानाने १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला काढलं. तेच नाव आपल्याकडे राहिलं.

परमिट, फिटनेस, लायसन्स: थोडक्यात सांगाल?

एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, छोटा हत्ती खपण्याचं ते एक कारण. नॅशनल परमिट साध्या ट्रकला बारा वर्षांपर्यंत, मल्टी-अ‍ॅक्सलला पंधरा वर्षांपर्यंत मिळतं. फिटनेस गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांचा, पुढे दरवर्षी. साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते पक्कं केलं. त्यावरच्या गाडीला हेवी लायसन्स हवंच.

ड्रायव्हरला काय म्हणून हाक मारायची?

गेटवर "ए ट्रकवाला" म्हणून ओरडतात तेव्हा मला त्रास होतो. मराठी ड्रायव्हरला वयाप्रमाणे दादा, मामा किंवा काका म्हणा, पंजाबी असेल तर पाजी. त्याच्यासोबत शिकणाऱ्या पोराला क्लीनर, आपल्या बोलीत किन्नर म्हणतात, आणि तो ड्रायव्हरला उस्ताद म्हणतो. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. जुन्या गाड्या मात्र अजून अनेक वर्षं रस्त्यावर राहतील आणि मे महिन्यात त्यांच्या केबिनमध्ये इंजिनाची धग गुडघ्याला लागते. तुमच्या गेटवर गाडी थांबणार असेल तर पिण्याचं पाणी आणि संडास कुठे आहे, हे ड्रायव्हरला आधी दाखवा, मग कागद मागा.